माशीच्या पोटातलं दही

"माझ्या नमुन्याच्या नळीत कुणीतरी दही घातलंय!" इरम भैरवीच्या कचेरीत आल्या आल्या म्हणाली.

त्र्यंबकला हसू फुटलं. भैरवीने डोळे वटारले, तसं त्याने ते गिळलं. गुप्तहेर बाईंच्या हाताखाली काम करायचं म्हणजे हसायचीही चोरी.

राधानगरीच्या जंगलातल्या मधमाशीच्या आतड्यात आंबवण्याचं काम करणारा एक जिवाणू इरमला सापडला होता. त्याची जनुकं कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळत नव्हती. तिच्या संशोधन संस्थेच्या समितीने नळी पुन्हा तपासली, तर आत निघाला दह्यातला साधा जिवाणू. लबाडीचा शिक्का बसला. सोमवारी तिची पीएचडी रद्द होणार होती.

"नळ्या ठेवलेल्या फ्रीजची किल्ली कुणाकडे?" भैरवीने विचारलं.

"माझ्याकडं, शिपाई गैबीमामाकडं आणि माझ्यासंगं काम करणाऱ्या तेजस्वीकडं. पण ती आमच्या घरातल्यावानीच हाय, अम्मी रोज तिचाबी डबा भरती."

गैबीमामा भडकले. "मला त्या नळ्यातलं काय कळतंय? अन् दही मी खात न्हाय, घरात बी येत न्हाय. इचारा की कुणालाबी!"

तेजस्वी शिरोळची, इथे एकटी खोली घेऊन राहायची. "इरमचं लई वाईट झालं. संस्थेत नोकरीची जागा एकच हुती, ती आता मला मिळतीया. मनाला बरं वाटत न्हाय बघा." तिने खोलीवर आलेल्या दोघांना ताक दिलं. "विरजण इरमच्या अम्मीचं हाय. दोन वर्षं झाली, रोज लावते."

त्र्यंबकने दोन ग्लास रिचवले. भैरवीने वाटीभर दही मागून घेतलं.

"न्या की," तेजस्वी हसली. "माझं दही खोलीबाहेर पहिल्यांदाच चाललंय."

भैरवीने इरमच्या घरचंही दही आणलं आणि नळीतल्या जिवाणूसोबत दोन्ही तपासायला धाडली.

रविवारी तिने तिघांना प्रयोगशाळेत बसवलं. "नळीतलं दही इरमच्या अम्मीच्या विरजणाचं आहे."

त्र्यंबकचं तोंड उतरलं. म्हणजे पोरीनेच केलं!

"पण ते विरजण दोन घरांत आहे. जिवाणू वाढताना त्याच्या जनुकांत क्वचित बारीकसा बदल होतो आणि तो पुढच्या दह्यात उतरतो. दोन वर्षांत या दोन दह्यांतले जिवाणू जनुकांत तीन ठिकाणी वेगळे पडलेत. नळीतला जिवाणू तिन्ही ठिकाणी तेजस्वीच्या दह्याशी जुळतो. आणि ते दही कधी खोलीबाहेर गेलं नव्हतं, हे तिनेच सांगितलं."

तेजस्वीने फ्रीजची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "हिला घर हाय, आई हाय. मला ती जागा तरी पायजे हुती."

"खरा जिवाणू कुठाय?" इरमने विचारलं.

"मोरीत वतला."

त्र्यंबक संतापला. इरमचं नाव धुऊन निघणार होतं, पण तीन वर्षांची मेहनत मोरीतून वाहून गेली होती.

इरमने पिशवीतून दोन डबे काढले. "अम्मीनं आज बी दोघींचा भरलाय," ती भैरवीला म्हणाली. "घरी गेल्यावर तिला आता काय सांगू, बाई?"