डाव्या वळणावरचा ठसका

स्पीड ब्रेकरवर अडखळणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण आख्खी गाडी ब्रेकरवर पोट टेकवून झोपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

लाल रंगाची छोटी गाडी. पुढची चाकं ब्रेकरच्या पलीकडे, मागची अलीकडे, आणि मध्ये सगळा आनंद. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. आत एक साहेब, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर घाम, गिअर टाकतायत, काढतायत, पुन्हा टाकतायत...

मी स्कूटर बाजूला लावली आणि काचेवर टकटक केलं. "स्प्रिंगा कापल्यात ना?"

काच खाली आली. "तुम्हाला कसं कळलं?"

"अंड्यांवर कोंबडी बसावी तशी बसलीय गाडी. कोणी कापल्या?"

"मीच..." तो कानापर्यंत लाल झाला. "ग्राइंडरने. गाडी बुटकी करायला. व्हिडिओ बघून."

मला हसू आवरेना. हसायची वेळ नव्हती हे कबूल, पण इतका नीटनेटका माणूस शर्टच्या बाह्या दुमडून स्प्रिंगा कापत बसलाय हे डोळ्यांसमोर आलं आणि माझा ताबा सुटला. तो रागावला नाही. उलट माझ्याकडे बघत राहिला, आणि मग स्वतःही हसला. त्याचं हसणं छान होतं. तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या, उगाच खोटं कशाला बोलू?

"उतरा खाली," मी म्हणाले.

"का?"

"तुम्ही उतरलात की गाडी दोन बोटं वर येईल. मग ढकलू."

तो उतरला, गाडी खरंच वर आली. मागच्या दोन-तीन हॉर्नवाल्यांना मी हाताला धरून कामाला लावलं आणि गाडी सुटली. जाताना त्याने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मेकॅनिक. पुढच्या चौकात डावीकडे, निळं शटर. आणि तुम्ही?"

"दातांचा डॉक्टर."

"मग बरोबर. कापाकापीची सवय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो निळ्या शटरसमोर हजर. हौशी लोकांच्या मोटार शर्यती असतात ना, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर प्लास्टिकचे शंकू मांडून? त्यात त्याला उतरायचं होतं. हंगामातली शेवटची शर्यत दोन महिन्यांवर होती. शर्यत जिंकायची वगैरे काही नाही म्हणाला, फक्त आयुष्यात एकदा करून बघायचीय.

गाडीखाली झोपलेल्या बाबांनी तिथूनच हुंकार दिला. "नसते उद्योग."

आता बाबांचं सांगायला हवं. चाळीस वर्षं त्यांनी हे गॅरेज चालवलं. आता गुडघे बोलायला लागले होते आणि शेजारचा टायरवाला जागेसाठी मागे लागला होता. मी कितीदा म्हटलं, मला द्या, मी शर्यतीच्या गाड्या करीन, आपल्या भागात कोणी करत नाही. बाबांचं एकच, "पोरखेळ आहे तो." त्या दिवशी मात्र ते गाडीखालून बाहेर सरकले, हात पुसले, डॉक्टरकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

"ठीक आहे. ही एक गाडी कर. शर्यतीत तिन्ही फेऱ्या स्वतःच्या चाकांवर पुऱ्या झाल्या, तर गॅरेज तुझं. दोरी बांधून ओढत आणावी लागली, तर मी टायरवाल्याला हो म्हणून टाकतो."

"चालेल," मी म्हटलं. मी विचार करत बसत नाही. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आमचं स्पेअर पार्टचं काउंटर सांभाळते, तिने तिथून कपाळाला हात लावला.

आणि काम सुरू झालं. कापलेल्या स्प्रिंगा मी भंगारात टाकल्या. त्याने एक आठवण म्हणून मागितली, मी दिली नाही. नव्या आखूड, कडक स्प्रिंगा आल्या, वरखाली करता येणारे शॉकअप आले. पेट्रोलचा जुना पंप काढून जोरकस पंप बसवला, नळ्या बदलल्या. डॉक्टर रोज दुपारी दोन पेशंटांच्या मधली वीस मिनिटं काढून यायचा. मी हात पुढे केला की बरोबर तोच पान्हा हातात. पहिल्या आठवड्यात चुकायचा, दुसऱ्या आठवड्यात नाही.

"तुमच्याकडे आणि माझ्याकडे एकच रडगाणं आहे," तो एकदा म्हणाला. "दुखायला लागल्याशिवाय कोणी येत नाही."

"तुम्ही तर न दुखताच येता."

"कोणी सांगितलं दुखत नाही?"

मी बोल्ट जरा जास्तच आवळला. आत्या काउंटरमागे उगाचच खोकली.

आणखी एकदा मी अडकलेल्या नटाशी झटापट करत होते, तर हा अगदी जवळ वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघतोय. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार...

"तुम्ही रागात दात खाता," तो म्हणाला. "खालच्या दाढा झिजल्या असतील."

इतकी वाईट तारीफ जगात कोणी कोणाची केली नसेल. पण त्याच दिवशी आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो, कारण मी ओरडले, "तू गप बस आणि बॅटरी धर!"

मग आला वजनाचा दिवस. शर्यतीची गाडी नुसती उचलून-बसवून चालत नाही. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघायचं, आणि त्याप्रमाणे प्रत्येक स्प्रिंग वरखाली करायची. त्या वेळी ड्रायव्हर सीटवर बसलेला लागतो. तो नसेल तर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. डॉक्टरचा सगळा दिवस दवाखान्यात, म्हणून मी पिशव्या भरायला घेतल्या.

"वजन किती तुझं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. श्वास आत घेतला. "सदुसष्ट."

"नक्की?"

"म्हणजे... अर्धा किलो इकडेतिकडे."

मी सदुसष्ट किलो वाळू भरली, पिशव्या सीटवर ठेवून पट्टा बांधला आणि दिवसभर खपून गाडी तोलली. पेट्रोलही मोजून ठरवलं. तीन फेऱ्यांना लागेल तेवढंच, वर थोडंसं. शर्यतीत कमी वजन म्हणजे जास्त वेग, साधा हिशोब.

बाबा येऊन उभे राहिले. "डिकीत छोटी जादा टाकी बसव. लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं, पंपाच्या तोंडी हवा येते. जादा टाकी तेवढ्यापुरतं पाजते."

"तीन किलो वाढतात, बाबा. आणि माझा हिशोब काठोकाठ बसलाय."

"काठोकाठ भरलं की सांडतं," म्हणून ते निघून गेले.

मी ऐकलं नाही. गटातली सगळ्यात हलकी गाडी माझी असणार होती, आणि मला ते चार लोकांत सांगायचं होतं.

शर्यतीआधीच्या रविवारी सराव होता. धावपट्टीवर सुकलेल्या गवताचा वास, ऊन, वारा. गाडी सरळ रेषेत अशी पळाली की आत्यासुद्धा टाळ्या वाजवायला लागली. मग शेवटचं लांब डावं वळण आलं. गाडी झुकली... आणि इंजिनाने ठसका दिला. एक, दोन, तीन ठसके. आणि गप्प. वळणाच्या मधोमध गाडी उभी.

दोरी बांधून ओढत आणली. सगळ्यांसमोर.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "हा सराव होता," एवढंच म्हणाले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तेलकट हातानेच पुसलं, आणि मग चेहऱ्यावर काळा पट्टा घेऊन घरापर्यंत गेले.

सोमवारपासून मी गाडी पिंजून काढली. पंप उघडला, ठीक. गाळणी, ठीक. वायरी, ठीक. वजनकाटे पुन्हा मांडले, वाळूच्या पिशव्या पुन्हा बसवल्या. आकडे अगदी मापात. माझ्या हिशोबात ही गाडी त्या वळणावर इतकी झुकायलाच नको होती. मग ठसका कसला? बुधवारपर्यंत जेवण जाईना. आपल्याला येत नाही की काय हे काम, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

गुरुवारी दुपारी डॉक्टर आला. हात मागे, मान खाली, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा.

"एक सांगायचंय. रागावणार नाहीस ना?"

"सांग आधी."

"ते सदुसष्ट..."

"काय सदुसष्ट?"

"मी नाहीये."

मी मग दंड धरून त्याला वजनकाट्यावर उभं केलं. एक्याऐंशी.

"बूट काढू?" त्याने हळूच विचारलं.

"कातडी काढलीस तरी सदुसष्ट होणार नाहीस! चौदा किलो! अरे, चौदा किलो उजव्या बाजूला जास्त, डाव्या वळणावर सगळं उजवीकडेच जातं, गाडी झुकणार नाही तर काय करणार? का खोटं बोललास?"

"तू विचारलंस म्हणून."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं." आता त्याने मान वर केली. "तुझ्यासमोर मला जरा... बरं दिसायचं होतं. पहिल्याच दिवशी तू मला खाली उतरवलंस, गाडी दोन बोटं वर आली. त्या दिवसापासून मी पोट आत घेऊनच उभा राहतोय तुझ्यासमोर. दोन महिने! दम लागतो गं."

"माझं गॅरेज पणाला लागलंय आणि तू पोट आत घेत बसलास?"

"म्हणून तर सांगायला आलो. तू स्वतःला दोष देतेयस, ते मला बघवत नाही. बाबांनाही मीच सांगतो, चूक माझी होती म्हणून."

तो खरंच बाबांकडे निघाला. मी त्याला जाऊ दिलं असतं तर सुटले असते. सगळं खापर त्याच्या डोक्यावर, माझं नाव शाबूत. पण काय करू, माझं मला माहीत होतं ना...

"थांब," मी म्हटलं. "चौदा किलोने गाडी झुकली, हे खरं. पण इंजिन बंद पडलं ते माझ्यामुळे. बाबांनी सांगितलेली जादा टाकी बसवली असती तर तुझ्यासारखे दोन जण बसले असते तरी ठसका लागला नसता. मी तीन किलो वाचवले. मिरवायला. तुझी चूक चौदाची आणि माझी तिनाची, पण मोठी माझी आहे."

'चूक माझी' हे शब्द मी त्याआधी कधी बोलले होते ते आत्यालाही आठवत नाही.

त्याने खिशातून रुमाल काढून माझ्या गालावरचं ग्रीस पुसलं. गेलं नाही, आणखी पसरलं. पण त्याचा हात तिथे जरा जास्त वेळ राहिला, आणि मी तो बाजूला केला नाही.

मग मी बाबांसमोर गेले. "तुमचं बरोबर होतं. टाकी हवी होती."

"काय म्हणालीस? आत्याला ऐकू गेलं नाही."

"तुमचं बरोबर होतं!"

"आता कसं," म्हणत बाबांनी गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. टाकी आम्ही तिघांनी मिळून बसवली. डिकी आणि सीट यांच्यामध्ये आगीपासून बचावाला पत्र्याची भिंत, वर घट्ट पट्टे. आणि वजन करताना या वेळी सीटवर वाळू नव्हती. दवाखाना दोन तास बंद ठेवून डॉक्टर स्वतः बसला होता, पोट सैल सोडून.

रविवारी पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला मी वळणापाशी जाऊन उभी राहिले, कारण लांबून बघणं शक्यच नव्हतं. लाल गाडी आली. झुकली. मी डोळे मिटले आणि फक्त कान ठेवले. इंजिनाचा सूर एकसारखा, लांबलचक, कुठे तुटला नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी सरळ रेषेला लागली होती आणि माझी नखं माझ्याच तळहातात रुतली होती.

अकरा गाड्यांत आम्ही पाचवे आलो. पाचव्याला काहीच देत नाहीत. तरी डॉक्टर हेल्मेट काढून असा नाचत आला की पहिल्या आलेल्यानेही त्याचंच अभिनंदन केलं.

बाबांनी फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं टायरवाल्याला म्हणाले, "नाही हो, जागा रिकामी नाही. पोरीचं गॅरेज आहे तिथे." मी तिथेच, धुळीत, फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले.

सोमवारी दुपारी डॉक्टर निळ्या शटरसमोर उभा. चालत आलेला.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"घरी. तिला काहीच झालेलं नाही."

"मग?"

"गाडीचं कारण संपलं. दुसरं शोधत होतो सकाळपासून, दोन पेशंटांचे चुकीचे दात तपासले. काही सापडलं नाही. म्हणून म्हटलं, नुसतंच यावं... मला तू आवडतेस. खूप. बस, एवढंच."

मी हातातला पान्हा खाली ठेवला. "मलाही तू आवडतोस. आहेस तेवढाच्या तेवढा. आता रोज ये, आणि कारण आणलंस तर दारातून परत पाठवीन."

तो हसला आणि तिथेच खिळून राहिला, आत यायचं सुचेना त्याला. मलाही त्याला आत बोलवायचं सुचेना.

शेवटी गाडीखालून बाबांचा आवाज आला, "अगं, हात धरून आत घे त्याला! दारात उभा राहिलाय, उजेड अडतोय माझा."

मी घेतलं.