बाहेरून एक फोन

जिन्याखालच्या खोलीचं दार तिनं उघडलं आणि आतून कुणीतरी ओरडलं, "थांबा! पाय नका ठेवू, वायरी आहेत!"

धम्मशीला दारातच थबकली. कपाळाला टॉर्च बांधलेला एक तरुण तारांच्या गुंत्यातून तिच्याकडे बघत होता. केसांत जळमटं. आणि हसणं... त्या कोंदट खोलीला मुळीच न शोभणारं.

"तुम्ही कोण?"

"प्रसेनजित. बुलडाण्याहून आलो. अ‍ॅम्ब्युलन्सच्या फोनची लाईन वर न्यायची हाय. तुम्ही?"

"तो फोन उचलणारी."

"मंग मी तुमच्यासाठीच आलो की!"

मोताळ्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात अ‍ॅम्ब्युलन्सचा नवा नंबर सुरू व्हायचा होता. टेलिफोन कंपनीनं डिजिटल लाईन जिन्याखालच्या खोलीपर्यंत आणून सोडली. तिथं कंपनीची हद्द संपली. तिथून दुसऱ्या मजल्यावर, धम्मशीलाच्या टेबलाशेजारच्या मशीनपर्यंत केबल नेणं हे प्रसेनजितचं काम. तो खालून केबल ढकलायचा, ती वरून ओढायची. भिंतीतल्या पोकळीतून आवाज मात्र स्वच्छ यायचा.

"जोरात ओढा! जेवल्या नाही काय?"

"जेवली. तुम्हीच खालून धरून राह्यले!"

"धरलं नसतं तं... इतकं बोलल्या असत्या काय?"

ती वर एकटीच लाजली. बघायला होती फक्त भिंत, म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला तारेचा एक वाकवलेला तुकडा दाखवला. लाईन तपासताना तो हा तुकडा खाली बसवायचा. मग लाईनवर पाठवलेला सिग्नल तिथूनच मागे फिरायचा आणि कंपनीकडे, वर मशीनवर, दोन्हीकडे हिरवा दिवा लागायचा; बाहेरचा खरा फोन मात्र वर पोचायचा नाही.

"पण हिरव्या दिव्यावर भरवसा नाही ठेवायचा," तो म्हणाला. "तुकडा काढायचा, रस्त्यावर जायचं, अन् आपल्या मोबाईलवरून एक फोन लावायचा. आमचे उस्ताद म्हणत, बाहेरून आवाज आला तरच काम झालं."

"अन् फोनवर काय बोलता?"

"आवाज येते काय, इतकंच."

"बस?"

"आतापर्यंत तं बस..." तो म्हणाला आणि उगाच पक्कड पुसत बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरचा दिवा हिरवा झाला. व्यवस्थापक महादेवरावांनी नंबर सकाळीच गावोगाव कळवून टाकला होता. धम्मशीलानं भिंतीत तोंड घालून हाक मारली, "लागला, हिरवा लागला! चला, स्टँडवर चहा पाजते!"

इतक्या गोड हाकेला कोण थांबा म्हणेल? तो निघाला. तुकडा खालीच राहिला आणि रस्त्यावरून लावायचा फोनही राहिला.

चहा एकाचे दोन झाले.

"काम तं संपलं," तो कपात बघत म्हणाला. "आता मोताळ्याले यायचं तं... कोणतं कारण सांगू?"

"कारण लागते काय?" ती म्हणाली, आणि हात पुढे करून तिनं त्याच्या केसांतलं जळमट अलगद काढलं.

ते परतले तेव्हा दवाखान्यासमोर ऑटो उभा होता. रोहिणखेडच्या निवृत्तींना कापूस वेचताना छातीत कळ आली होती. स्ट्रेचरमागे त्यांची बायको पुष्पाबाई धावत होती. "कितीदा लावला तुमचा फोन! गाडी इथंच उभी, अन् फोन लागेच ना..."

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. निवृत्ती गेले होते.

प्रसेनजित जिन्याखाली जाऊन आला. तुकडा त्याच्या मुठीत होता.

"दिवा तर हिरवाच आहे," महादेवराव म्हणाले. "कंपनीकडेही लाईन चालूच दिसते. घाबरून चुकीचा नंबर लावला असेल बाईनं."

ही गोष्ट इथंच मिटली असती. तो गप्प राहिला तर वाचेल, हे धम्मशीलाला कळत होतं. आणि मग आपल्याला त्याच्याकडे कधीच बघता येणार नाही, हेही.

प्रसेनजित पुष्पाबाईंपुढे जमिनीवर बसला. "मावशी, नंबर बरोबर होता. लाईन मी जोडली नव्हती. न तपासताच चहाले गेलो."

"मीच बोलावलं होतं," धम्मशीला त्याच्या शेजारी बसली.

पुष्पाबाईंनी दोघांकडे पाहिलं. "मले काऊन सांगून राह्यले?" त्या म्हणाल्या. "सांगून ते वापस येतीन काय?"



प्रसेनजितचं काम गेलं. दवाखान्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं महादेवरावांनी बजावलं. धम्मशीलाला शिव्या खाऊन त्याच खुर्चीवर बसावं लागलं. फोन उचलायला दुसरं कुणी नव्हतं. फाटकाशी ती त्याला म्हणाली, "येऊ नको आता. तुले पाह्यलं का मले तो चहा आठवते." पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती, तेही हे सांगायला.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली आणि पहिला फोन वाजला.

"आवाज येते काय?"

तिनं आवाज ओळखला. "येते."

फोन बंद झाला.

मग हे रोजचंच झालं. तेवढेच शब्द. थंडी सरली, उन्हं तापली, समोरचा पळस फुलून गेला. त्या फोनची ती वाट बघायची आणि वाट बघितल्याबद्दल स्वतःवरच चिडायची. एका सकाळी तिला राहवलं नाही.

"येते... थांब. बुलडाण्याहून लावतं काय रोज?"

"नाही. रस्त्यावरून."

रिसीव्हर कानाला धरूनच ती खिडकीशी गेली. फाटकापलीकडे, पळसाखाली, हेल्मेट काखेत धरून तो उभा होता.

"रोज येतं? इतक्या दुरून?"

"बाहेरूनच तपासा लागते ना." तो थांबला. "धम्मशीला... माझा जीव हाय तुझ्यावर. पण मी वर येत नाही. तुले तो चहा आठवते, मलेही आठवते."

तिनं खिडकीचा गज घट्ट धरला. काय बोलावं... खूप होतं बोलायला. तेवढ्यात मागे टेबलावरचा दुसरा फोन वाजू लागला.

"ठेव," ती म्हणाली. "कोणाचा तरी फोन येऊन राह्यला."

"हाव."

"प्रसेनजित—उद्या लाव. माझाही जीव हाय."

आणि तो वाजणारा फोन तिनं उचलला. "बोला, अ‍ॅम्ब्युलन्स. कोणतं गाव?"