बिनपेट्रोलची ऊब

हे कुणाला सांगू नकोस, असं मामाने माझा हात धरून सांगितलं होतं. पण यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि आता मला गप्प बसवत नाही.

जानेवारीतला गुरुवार. भर दुपारचे बारा. जागा, मामाचं गॅरेज.

असलं काही रात्रीच घडतं, असं मलाही वाटायचं.

मामा जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांचा जाणकार. त्या इंजिनांना पाणी लागत नाही, मोठा पंखा वारा मारतो. मामा त्यांच्यासाठी नवे पार्ट घडवायचा. ड्रॉइंग मी काढायची, लेथवर तो उतरवायचा. पंख्याची पाती बदलून त्याने लिटरला बारा देणारी गाडी सतरावर नेली होती. थेंबभर पेट्रोल वाया गेलं तरी त्याच्या जिवाला लागायचं.

या गाड्यांचा हिटर साधा असतो. धुराच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याची पेटी. त्या पेटीतली गरम हवा सरळ आत, माणसांच्या अंगावर.

नळी तडकली, की हवेबरोबर विषारी वायूही आत येतो. त्याला वास नसतो.

अशाच एका नव्या नळीच्या ड्रॉइंगमध्ये मी पत्रा दोन मिलिमीटर जाड धरला होता.

"एक कर," मामा म्हणाला. "वजन कमी, आणि गाडी पटकन गरम."

"मामा, तडकेल रे."

"तू रेघा मार. अक्कल मी लावतो."

मी एक केला.

ती नळी आमच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या गाडीत बसली. दोन महिन्यांनी बाई आणि त्यांची धाकटी बहीण रस्त्याकडेला गाडीत सापडल्या. इंजिन चालू, हिटर चालू. दोघी मान टाकून झोपल्यासारख्या. गाल गुलाबी.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते गॅरेजमध्ये आले, उभेच राहिले.

"काय चुकलं हो?" त्यांनी विचारलं.

मामाला ठाऊक होतं. गाडी ओढून आणायला तोच गेला होता, नळीवरचा तडा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. तरी तो शांतपणे म्हणाला, "काचा लावून घ्यायला कुणी सांगितलं होतं त्यांना?"

यजमानांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी," ते म्हणाले. "तिला थंडी बाधते म्हणून... मीच सांगितलं."

मी तिथेच होते. मी तोंड उघडलं नाही.

इंजिन त्यांनी आमच्याकडेच टाकलं. मामाने ते जसंच्या तसं, पेटीसकट, स्टँडवर चढवलं. "सोन्यासारखं इंजिन आहे," म्हणाला. तेल काढलं, टाकी सोडवली. पेट्रोलचा थेंब नव्हता त्यात.

सोमवारी सकाळी मी शटर उघडलं. हाडं गोठवणारी थंडी. सहज इंजिनाच्या माथ्यावरच्या, हेडवरच्या तापमानाच्या काट्याकडे नजर गेली...

सदतीस.

"काटा बिघडलाय," मामा म्हणाला. त्याने नवा लावला.

सदतीस.

मी हेडवर तळहात ठेवला. तापाची नव्हे, निरोगी माणसाच्या अंगाची ऊब होती ती. मी हात झटकन मागे घेतला.

मंगळवारी लेथ बंद केल्यावर आवाज आला. पंख्याच्या जाळीतून... हळू, लांब श्वास. मग त्यात मिसळलेला दुसरा, जरा घाईचा.

मामाने लेथ पुन्हा चालू केला. तो दिवसभर बंद केलाच नाही.

गुरुवारी मामी जेवण घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने आयुष्यात कुणाला दुखावलं नव्हतं. स्टूल ओढून ती इंजिनाजवळ टेकली.

"अहो, काय छान ऊब येतेय इथे!"

मामाने लेथवरून मान वर केली. "ऊठ तिथून."

"बसू द्या की घटकाभर. पाय गारठलेत."

शटर सताड उघडं होतं. बाहेरून बोचरा वारा येत होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं, माझे कागद उडत होते.

मामीच्या कपाळावरची बट मात्र हलत नव्हती...

"मामी?"

मान छातीवर. गाल गुलाबी.

मामा धावला, तिला उचलून उघड्यावर आणलं. तोंडाने श्वास दिला. नुसता नावाने हाका मारत राहिला. ती उठली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "बंद खोलीत गाडी चालू होती का?"

"इंजिनात पेट्रोल नाही," मामा म्हणाला. "पेट्रोलच नाही हो त्यात..."

मामा तिच्यापासून दोन हातांवर होता. त्याला साधी चक्करही आली नाही.

तेराव्यानंतर तो घड्याळवाल्यांकडे गेला, खरं सांगून पाय धरायला. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते गेले की. अन्न सोडलं होतं. शेवटपर्यंत एकच घोकत होते... मीच काचा लावायला सांगितल्या."

मामा तिथेच पायरीवर बसला. आता माझ्याकडे राहतो. बोलत नाही.

इंजिन त्याने मला न सांगता भंगारात घातलं होतं. कळल्यावर मी हातोडा घेऊन धावले. मला ती नळी माझ्या हाताने फोडायची होती.

भंगारवाला हसला. "ताई, चालू इंजिन कुणी फोडतं का? कालच गेलं."

"चालू?"

"मग! गरमच होतं. घेणारा खूश झाला. म्हणाला, मागे दोन लहान पोरं बसतात, हिटर चांगला हवा."

त्याचा पत्ता भंगारवाल्याने लिहून घेतला नव्हता. गाडी कुठल्या रंगाची, तेही त्याला आठवेना.