माठातलं पाणमांजर

"खाडीत पाणमांजर आहे म्हणता. पाहिलंय कोणी?" पडद्यावरच्या अधिकारीबाईंनी विचारलं.

पाहिलं होतं ते केतकीच्या आजीने. आजी होती तोवर रोज पहाटे खाडीवर जाऊन पाणमांजरं बघायची. मागच्या साथीत आजी गेली. आता पुन्हा साथ आली होती, गाव बंद होतं, म्हणून सुनावणीही पडद्यावर चालली होती. पाचपर्यंत पुरावा दिला नाही, तर खाडीत भराव टाकायला कंपनीला परवानगी मिळणार होती.

"आमच्या पाहणीत एकही दिसलं नाही," कंपनीचे साहेब म्हणाले.

केतकीचे आजोबा, आबा, निवृत्त जीवशास्त्रज्ञ होते. गावातल्या तापाचे नमुने तपासायचं डब्याएवढं यंत्र त्यांच्याच ओटीवर होतं. नमुने गोळा करायचा ढब्बू नावाचा रोबो. बाहेर फिरायची मुभा फक्त त्यालाच. सकाळी त्याने नळीने ओढून खाडीचं पाणी आणलं होतं.

"नुसत्या पाण्यात काय सापडणार, आबा?" केतकीने माइक बंद करून विचारलं.

"पाणमांजर पोहतं, तेव्हा त्याचे केस, कातडीचे कण, लाळ पाण्यात सुटते. त्यात त्याचा डीएनए (पेशीतली लांब साखळी, जिच्यात त्या जिवाची सगळी माहिती असते) असतो. पण अगदी थोडा. हे यंत्र एकाचे दोन करतं, दोनाचे चार, चाराचे आठ. पुरेसे झाले की दिवा लागतो. तापाचा विषाणूही आपण असाच शोधतो. आज फक्त शोधतुकडा (हव्या त्या डीएनएलाच चिकटणारा छोटा तुकडा) पाणमांजराचा घालायचा."

केतकीने दोन नळ्यांत खाडीचं पाणी घातलं. तिसरीत घरच्या माठातलं. अर्ध्या तासाने दिवे लागले. तिन्ही.

"सापडलं, आबा!"

आबांचा चेहरा उतरला. "माठात पाणमांजर राहतं होय गं आपल्या?"

केतकीने हातातल्या ड्रॉपरकडे पाहिलं. तिन्ही नळ्यांना तिने तोच वापरला होता; खाडीचा अंश माठाच्या नळीतही गेला होता. ती हळूच म्हणाली, "तिसरी नळी दाखवायची कशाला?"

"माठाचं पाणी घेतलं ते चूक पकडायलाच. ती नळी लपवली, तर खाडीचं कोण खरं मानेल?"

केतकीने माइक सुरू केला. "बाई, चूक माझी आहे. तपासणी पुन्हा करावी लागेल."

साहेब हसले. बाई म्हणाल्या, "पाचपर्यंत वेळ आहे."

तेवढ्यात ढब्बू नवा नमुना घेऊन दारात आला. "पाटकरांचं बाळ. ताप वाढतोय."

केतकीने घड्याळ पाहिलं. पाचच्या आत यंत्र आणखी एकदाच चालवता येणार होतं.

"आधी बाळ," ती म्हणाली.

"खण बरेच आहेत," आबा म्हणाले. "बाळाच्या नळीत विषाणूचा शोधतुकडा, आपल्या नळ्यांत पाणमांजराचा. सोबत जाऊ दे सगळं."

या वेळी प्रत्येक नळीला नवा ड्रॉपर. केतकी एकेक थेंब मोजून सोडत होती. ढब्बू म्हणाला, "मला हात नाहीत ते बरंय."

पाचाला थोडा वेळ असताना खाडीचे दोन्ही दिवे लागले. माठाचा लागला नाही. बाळाचाही नाही. त्याचा ताप साथीचा नव्हता. ढब्बू निरोप द्यायला वळलासुद्धा.

बाईंनी खाडीच्या आणि माठाच्या तिन्ही नळ्या पडद्यावर नीट पाहिल्या. "साथ संपून पुरी पाहणी होईपर्यंत भराव टाकायचा नाही."

साहेबांचा पडदा काळा झाला.

"गाव उघडलं की पहाटे खाडीवर जाऊ," आबा म्हणाले. "आजी कुठे बसायची, मला माहीत आहे."

"आणि दिसलंच नाही तर?"

"बसून राहायचं. ती तशीच बसायची."