हँडलवरचा अंगठा

भुताला रात्रच लागते असं वाटणाऱ्यांनी इथेच थांबावं. ही गोष्ट भर दुपारची आहे. आणि खरी आहे.

साल १९६८. कडावच्या रस्त्यावर माझ्या मामाचं, धर्माजी मिस्त्रीचं, गॅरेज होतं.

मामा भूत मानत नसे. छप्पन्न साली धर्म बदलला, तेव्हाच भुताखेतांना घराबाहेर काढलं, असं ऐटीत सांगायचा. म्हणून ही हकिगत त्यानं मला म्हातारपणी सांगितली. तीही भिंतीकडे तोंड करून.

त्या दुपारी पेट्रोलवरचा एक जुना ट्रक आला. पुढून लोखंडी हँडल घालून, ते फिरवून चालू करायचा. पण हँडल उलटं फिरून मारत होतं.

दोन महिन्यांपूर्वी याच हँडलनं पोशा गेला होता. ट्रकचा क्लीनर, डोंगरातल्या वाडीतला. हँडल छातीवर बसलं.

त्याच्या आदल्याच दिवशी ट्रक मामानंच दुरुस्त केलेला. चहाच्या टपरीवर मामा म्हणाला होता, “अंगठा वळवून धरला असंल, मग हँडल उलटलं की हात सुटतोय व्हय? डोंगरातल्या माणसाला काय कळतंय हँडल धरायचं?”

‘तुम्हाला काय कळतंय’ हे जन्मभर ऐकलेला माणूस. त्यानं तेच पोशाच्या नावावर मांडलं. गावानंही मान डोलावली. गावाला फुकटची मान डोलवायला आवडतं.

आता क्लीनर होता पोशाचा भाऊ, शुक्रा.

मामानं बॉनेट उघडलं. ठिणगी वेळेवर पडते का, ते बघायचं होतं. डेल्को, म्हणजे ठिणगी वाटणारा डबा; त्याच्या पॉइंटमध्ये सिगरेटचा पातळ कागद धरला. कागद सुटला की ठिणगी पडणार.

बॉनेटमुळे पुढचं काही दिसत नव्हतं.

“शुक्रा, हळू फिरव रं...”

हँडल फिरलं. अगदी हळू.

कागद सुटला... पण पुलीवरची ठिणगीच्या वेळेची खूण यायला अजून चांगलं बोटभर अंतर होतं.

ठिणगी आधीच पडत होती. म्हणूनच हँडल उलटं मारत होतं.

डेल्को सैल असता तर नशिबावर ढकलता आलं असतं. पण स्क्रू घट्ट. त्यावर दुरुस्तीच्या वेळी मामानंच मारलेली रंगाची रेघ जशीच्या तशी.

मामाचे कान तापले.

“आणखी थोडं... बस.”

हँडल खुणेवर थांबलं. केसभरही पुढं नाही.

त्यानं डेल्को फिरवला, स्क्रू आवळला. “मार आता!”

एका फटक्यात इंजिन चालू झालं.

“मिस्त्री, लागली का वो गाडी?”

आवाज मागून आला...

शुक्रा विहिरीकडून येत होता. हातात पाण्याची कळशी.

“हँडल कोनी मारलं?” त्यानं विचारलं.

मामा पुढं गेला. हँडलवर ओलं, काळं ग्रीस. त्यात चार बोटं उमटलेली.

आणि अंगठा...

बोटांच्याच बाजूला. वळवलेला नाही. हँडल जसं धरायला हवं, तसाच.

सांजेला मामा वाडीवर गेला. पोशाची बायको ठमी दारात होती.

“कशाला आलाव मिस्त्री?”

“त्याचा अंगठा... बरोबर व्हता. चूक माजी.”

ठमी सुपातलं धान्य पाखडत राहिली. “आमाला ठावं हाय. गावाला सांगा.”

मामानं गावाला सांगितलं नाही. मरेपर्यंत नाही. त्याच टपरीवर चहा प्यायचा, लोकांकडे पाठ करून.

ट्रक भंगारात निघाला तेव्हा मामानं ते हँडल मागून घेतलं. आता ते माझ्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला मी ते घासलेटनं पुसतो. बोटं जातात. अंगठा मात्र परत उमटतो... ओला.

आज ही गोष्ट लिहून मीच गावाला सांगून टाकलं.

माळ्यावर जाऊन अंगठा गेला का, ते बघायची हिंमत मात्र अजून होत नाही.