ब्रेलयंत्रातल्या नऊ परक्या ओळी

"माह्या यंत्रात कोणीतरी लिहून राहिलं," रत्नमाला म्हणाली. "नाही तर मीच लिहून विसरून राहिली. दोन्हीपैकी काय, ते मले सांगा, ताई."

कौशल्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पोलिसातली बावीस वर्षं संपवून त्यांनी भंडाऱ्याच्या बसस्थानकामागे 'खाजगी तपास' अशी पाटी लावली होती. सोबतीला होता इश्वर, पूर्वीचा त्यांचाच शिपाई. इश्वर मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश. हे त्याचं त्यालाही मान्य होतं.

रत्नमालाने गळ्यात अडकवलेलं यंत्र टेबलावर ठेवलं. जाड पुस्तकाएवढं. त्याला पडदा नाही, आवाज नाही. वर मोजक्या कळा, खाली एक पट्टी. कळा दाबल्या की पट्टीतून बारीक ठिपके वर यायचे आणि ती त्यावरून बोट फिरवून वाचायची. अंध मुलांना शिकवायला ती गावोगावच्या शाळांत जायची. बसच्या वेळा, मुलांच्या नोंदी, फोननंबर, अंबाडीच्या भाजीचा मसाला, सगळं त्या यंत्रात होतं.

"अन् गावही आहे," ती म्हणाली.

तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. ते तिने पावलांनी लिहून ठेवलं होतं: चिंचेपासून विहीर चाळीस पावलं, विहिरीपासून शकुनबाईचं दार पंधरा पावलं. येत्या रविवारी जुन्या गावची सगळी मंडळी जमणार होती आणि ती त्यांना ते वाचून दाखवणार होती. पण महिनाभरात त्यात नऊ नव्या ओळी आल्या होत्या. त्या तिने लिहिलेल्या नव्हत्या.

"घरी दुसऱ्या कोणाले ब्रेल येत नाही. म्हणजे मीच लिहिलं असंल ना? माह्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिले माह्यं नावही आठवेना." "डोळे नाहीत त्याचं काही नाही, ताई. पण आठवण गेली तर माह्यापाशी राहते काय? रविवारचं नाही म्हणून टाकीन. नोकरीही सोडीन."

इश्वरला फार वाईट वाटलं. त्याने तिच्यापुढे बिस्किटं सरकवली.

"एक परकी ओळ वाच," कौशल्याबाई म्हणाल्या.

"'विहिरीपासून चिंच तीस पावलं. मधात ओल राहते.'"

"अजून काही वेगळं वाटलं?"

"यंत्र मी आतल्या खोलीत कोनाड्यात ठेवते. तिथं ऊन येत नाही. पण सकाळी आंघोळ करून उचलते, तर कधीकधी गरम लागते."

"बॅटरी खराब असंल," इश्वर म्हणाला.

कौशल्याबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग रत्नमालाला विचारलं, "ठिपके अन् छापील अक्षरं शेजारीशेजारी असलेलं पुस्तक आहे का घरी?"

"माही लहानपणची अंकलिपी होती पेटीत. पोळ्यापासून सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई आणि इश्वर दहाच्या बसने तिच्या गावी, म्हणजे पुनर्वसन वसाहतीत पोचले. कंडक्टरने पेपरचा गठ्ठा स्टॉपवर टाकला आणि बस पुढे गेली. घर पूर्वेकडे तोंड करून होतं. ओसरीतलं ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. रत्नमालाची भावजय रीना कालच्या पेपरवर भाजी निवडत होती.

"जय भीम. बसा ना," ती म्हणाली. "ते ठिपके मले तर मोहरी सांडल्यासारखे दिसतात. अन् ते बुडालेलं गाव मी पाह्यलंच नाही. लग्न होऊन आली ते इथंच."

"तुझा नवरा?"

"विनोद पहाटे पाचाले पवनीच्या राईस मिलमध्ये जातात. येतात ते दिवेलागणीले."

"सकाळी मग घरी कोण?"

"मी चुलीपाशी, ताई आंघोळीले. मामाजी आठाले ओसरीत पेपर वाचत बसतात. तेवढा वेळ त्यांले हाक मारायची नाही."

तेवढ्यात मामाजी, म्हणजे रत्नमालाचे वडील आनंदराव, बाहेर आले. उंच, ताठ माणूस, शब्द अगदी मोजके.

"जुन्या गावाचं काही आठवते का?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"नाही. गावाचं मले विचारू नका." आणि ते आत वळले.

रीना हळूच म्हणाली, "गाव सोडायच्या कागदावर पहिली सही मामाजींची होती. बाकीच्यांले त्यांनीच समजावलं. तेव्हापासून गावाचं नाव घेत नाहीत. ताईंनी कितीदा विचारलं, पण नाही."

 कौशल्याबाईंनी मग भलतंच काढलं. आनंदरावांना पुन्हा बाहेर बोलावून घरातल्या तिघांनाही फाटकापासून कडुनिंबापर्यंत चालायला लावलं आणि इश्वरला पावलं मोजायला सांगितली. बाईंना गुडघ्याच्या वैद्याकडून काही काम आलंय की काय, असं इश्वरला वाटलं. पण त्याने इमानेइतबारे मोजलं. रत्नमाला चोवीस, रीना सव्वीस, आनंदराव अठरा.

"झालं," कौशल्याबाई म्हणाल्या. "रत्नमाला, तुही आठवण शाबूत आहे."

रत्नमालाने ओसरीचा खांब धरला.

"चिंच ते विहीर, तेच अंतर तुह्या पावलांनी चाळीस अन् परक्या ओळीत तीस. म्हणजे लिहिणाऱ्याची टांग तुह्यापेक्षा लांब. आज अंगणात तुह्या चोवीस पावलांत ज्याची अठराच पडली, तो एकच माणूस. हिशेब तोच, चाराले तीन."

"विनोदही उंच असंल ना?" इश्वरने शंका काढली. ही शंका आपल्याला सुचली याचा त्याला मनातून आनंद झाला.

"असंल. पण यंत्र सकाळी गरम लागते, अन् विनोद पहाटेच जाते. गरम काहून? बोटानं वाचणाऱ्याले उजेड लागत नाही. डोळ्यानं वाचणाऱ्याले लागते, तेही तिरपं ऊन. ठिपक्याची सावली पडली तरच ठिपका नीट दिसते. ओसरीत सकाळी तसं ऊन असते. अंकलिपीही अशा डोळसानंच नेली, ज्याले ब्रेल शिकायचं होतं." त्या आनंदरावांकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "पेपर दहाच्या बसनं येते, दादा. आठाले हातात असते तो कालचाच, जो मग रीनाच्या भाजीखाली जाते. रोज आठाले पेपरामागं तुम्ही काय वाचता?"

 आनंदरावांनी आत जाऊन अंथरुणाखालून जुनी अंकलिपी आणली आणि रत्नमालाच्या हातात दिली.

"लई दिवस लागले शिकायले," ते म्हणाले. "तू म्हणे, बाबा, गाव सांगा. तोंडून निघेचना. सगळ्यांले मीच तिथून उठवलं, कोणत्या तोंडानं सांगू? वाटलं, तुह्या एवढ्या ओळींत माह्या चारदोन खपून जातील. तुले वाटंल, आपणच लिहिल्या."

"तेच तर वाटलं, बाबा! मी आईसारखी होऊन राहिली, असं वाटलं. महिनाभर झोपली नाही मी."

आनंदराव मटकन खाली बसले. एवढा ताठ माणूस, पण लेकीच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. "हे माह्या ध्यानातच नाही आलं, पोरी."

रत्नमालाने चाचपडत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. राग होता, पण तिला त्यांची मायाही दाटून आली होती.

"रविवारी मी वाचीन," ती म्हणाली. "तुम्ही माह्याजवळ बसजा. लोक काही बोलले तर दोघं मिळून ऐकू. पण एक राहिलं. त्या नऊ ओळींत आपलं घर नाही."

"ते लिहवलं नाही."

"मग चालून दाखवा."

आनंदरावांनी डोळे पुसले. तिचा हात धरून ते अंगणाच्या मधोमध आले. "हे आपलं दार," ते म्हणाले. "इथून चूल. तुही आई चुलीशी बसे ते डाव्या अंगाले." ते चालू लागले आणि त्यांची पावलं ऐकत ती मोठ्याने मोजू लागली. रीना हातातली भाजी तशीच धरून पाहत राहिली. कौशल्याबाईंनी उगाच पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं.

चौदा म्हणता म्हणता रत्नमाला आईच्या आठवणीत हरवली आणि पुढचा आकडाच हुकला.

"किती झाले, बाबा? मी तर विसरली," ती हसत म्हणाली. विसरल्याची भीती तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती, हे इश्वरलासुद्धा कळलं.