खांब क्रमांक दोनशे चौदा

भुतं रात्रीच हिंडतात असं ज्याला वाटतं, त्यानं हे वाचू नये. हे घडलं दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात. आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. थापा मारायला तिला वेळ नसतो.

मावशी सरकारी खात्यातर्फे कारखान्यांची कुंपणं तपासते. एका ठिणगीत अख्खी वस्ती जाईल अशा गॅसच्या टाक्या असतात तिथे. खांब न् खांब हलवून बघायचा, जाळी चाचपायची, मग सही. तिच्या सहीशिवाय कारखाना चालत नाही.

त्या दिवशी मॅनेजर आधीच घामाघूम.

“मॅडम, सगळं नियमात आहे. फक्त खांब दोनशे चौदापाशी रोज जाळी कापलेली सापडते. भुरटे चोर. आम्ही रोज शिवतो.”

“रोज? मग तुमचा शिंपी दमला असेल,” मावशी म्हणाली.

ती उकिडवी बसली. तारेची टोकं पाहिली...

सगळी बाहेर वळलेली.

“चोर बाहेरून येतो ना? हे तर आतून कापलंय.”



वारा पडलेला. पान हलत नव्हतं. तरी लांबून जाळी थरथरत आली... एक खांब, दुसरा खांब... कुणी हात घासत धावत यावं तशी.

मावशीच्या हातापाशी थांबली.

यंत्रांची घरघर ऐकू येईना. मग... खोकला. एकाचा. मग अनेकांचा.

आणि तिच्या बोटांत कुणीतरी बोटं अडकवली.

मावशीनं हात काढला नाही.

“इथं काय होतं?” तिनं विचारलं.

म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं टोपी काढली. “फाटक होतं, बाई. फाटकं कमी करा, असा तुमच्याच खात्याचा शेरा आला. वेल्डिंग मारून बंद केलं. चार महिन्यांनी गॅस सुटला. पाच जण इथवर धावत आले. मी पक्कड आणायला पळालो...”

त्यानं खांबाच्या बुंध्याकडे बोट केलं.

“आलो तेव्हा खोकला बंद झाला होता.”

“जुनं आहे हे!” मॅनेजर खेकसला. “सही करा, नाहीतर तुमच्या साहेबांना फोन लावतो.”

“लावा. स्पीकरवर लावा. यांनाही ऐकू दे.”

“यांना... कोणाला?”

मावशीनं कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं: इथे आतून ढकलताच उघडणारं दार बसेपर्यंत मंजुरी नाही.

फोनवर साहेब ओरडले, बदलीची भाषा झाली. मावशी ढिम्म.

कारखाना एकोणीस दिवस बंद राहिला. दार बसलं.

पहिल्याच दुपारी दाराचा दांडा आपोआप दबला. दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं... पहारेकरी उभा राहून मोजत होता.

चार वेळा.

तेव्हापासून जाळी एकदाही कापली गेलेली नाही. पण पाचवा बाहेर आलेला नाही. कधी कधी दांडा अर्धा दबतो... आणि सावकाश वर येतो.

“वाट मोकळी असताना माणूस आत का थांबतो रे?” मावशी मला विचारते. मग तीच म्हणते, “आत अजून काही धोका उरला असेल, तर.”

यंदाच्या मंजुरीच्या कागदावर तिनं अजून सही केलेली नाही. कुंपण उत्तम आहे, म्हणते.

आधी टाक्या उघडून दाखवा.